वाऱ्याने पडलेली फांदी आणि आजीचं पोतं (भीमाशंकर)

सानिका_को :

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काजवे बघायला आम्ही चौघं भीमाशंकरला गेलो होतो. काजव्यांचं नंतर सांगते. दिसले, पण चांदणं फार होतं, त्यामुळे निम्मी मजा गेली. धागा काढलाय तो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

रविवारी सकाळी गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. आदल्या रात्री वळीव कोसळून गेला होता. वाटेत मनगटाएवढी जाड एक फांदी आडवी पडली होती. तिला सगळीकडून शेवाळ लागलेलं, आणि त्या शेवाळातून खाली लोंबणारी सीतेची वेणी (ऑर्किड), पूर्ण फुललेली. वीतभर लांब, गुलाबी-पांढरी, एक फूल चुरगळलेलं नाही. मी फांदी उचलली. तोडली नाही, उचलली, हे मुद्दाम लिहितेय. आमच्या बाल्कनीत उत्तरेकडे एक कोपरा आहे, तिथे नारळाच्या शेंड्यांवर बांधली असती तर जगली असती असं डोक्यात होतं.

शंभर पावलं गेलो असू, तर समोरून फॉरेस्टचा माणूस. "ताई, ती ठेवा खाली." मी म्हटलं, अहो, पडलेलीच होती. तर म्हणतो, "पडलेली असली तरी रानातच पडलीय ना?" आवाज न चढवता मला परत मागे घेऊन गेला, फांदी माझ्या हातातून घेतली आणि जवळच्या जांभळीच्या बेचक्यात खोचली. ओशाळले, पण ठीक आहे, नियम आहे तर आहे.

तेवढ्यात वरून एक आजी आल्या. गुडघ्यापर्यंत कासोटा, डोक्यावर भरलेलं पोतं. पोतं खाली टेकवून दम खायला थांबल्या. आत काळे सुरकुतलेले हिरडे. याने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही, उलट निघताना पोतं डोक्यावर चढवायला हात लावला!

माझा आजींवर राग नाही, गैरसमज नको. पण घरी आल्यापासून डोक्यात घोळतंय. जंगल सरकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचं. मग मला एक पडकी काडी नाही आणि त्यांना पोतंभर, हे कोणत्या नियमाने? माहीतगारांनी सांगा.

पायवाट :

गार्डचं बरोबरच होतं. कारण कायद्याचं नंतर, आधी रानाचं. पडलेली फांदी म्हणजे आपल्या दृष्टीने सरपण किंवा शोभा. रानात तिच्यावर पुढची दहा-वीस वर्षं कुणी ना कुणी जगत असतं.

तुम्ही मेमध्ये गेलात, जुलैत जाऊन बघा. भीमाशंकर-आहुप्याकडे पावसाळ्यात रात्रीचं रान चमकतं म्हणतात ना, ते याच कुजक्या लाकडामुळे. मायसेना नावाच्या बुरशीचे धागे ओल्या लाकडात पसरतात. त्यातल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग झाला की मंद हिरवा उजेड पडतो, आच मात्र नसते. फोटोत दिसतो तेवढा झगझगीत तो कधीच नसतो. फोटोत कॅमेऱ्याची झापड बराच वेळ उघडी ठेवलेली असते. डोळ्यांनी बघायचं तर टॉर्च, मोबाइल सगळं बंद करून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसावं लागतं. आधी वाटतं, भास होतोय. मग एखादं मूळ, एखादी डहाळी राखी-हिरवी उमटायला लागते.

आहुप्याला ज्या घरी उतरलो होतो, त्यांच्या गोठ्यामागे सरपणाचा ढीग होता. रात्री लघवीला उठलो तर तळातली चार लाकडं चमकत होती. सकाळी काकूंना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती भिजलेली हायती, जळायची नाहीत, धूर नुस्ता." झालं कौतुक.

जुना_खोडकर :

लेख आवडला. बाल्कनी वाचली म्हणायची.

हिरड्यावरून आठवलं:
यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी ।
कदाचित् कुप्यते माता नोदरस्था हरीतकी ॥
आई एखाद वेळेस रागावेल, पोटात गेलेला हिरडा रागावत नाही. आमच्या आजोबांनी मात्र तो इतक्या नेमाने चाटवला की दोघींमध्ये मला आईच सोसवायची.

अभ्यासू_बोका :

मूळ प्रश्न कायद्याचा आहे, तर तेवढ्यापुरतं.

"सरकारी जंगल" हा एकच प्रकार नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव वन आणि संरक्षित वन हे वेगवेगळे आहेत. ढोबळ मानाने, राखीव वनात जे करू दिलंय तेवढंच चालतं, संरक्षित वनात जे मना केलंय तेवढंच चालत नाही. त्याच्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येतो, त्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र १३०.७८ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. ते राष्ट्रीय उद्यान नाही हा फरक मोठा आहे, कारण राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क जवळजवळ संपतात, अभयारण्यात काही राहू शकतात.

या कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय कुठलीही वनोपज, म्हणजे रानातून मिळणारी वस्तू, काढता येत नाही. सानिका, तुमची फांदी इथे अडकली. आत आणि भोवताली राहणाऱ्यांना त्यांच्या घरच्या खऱ्या गरजेपुरती वनोपज वापरता येते, पण व्यापारासाठी नाही, असंही तिथेच म्हटलंय.

आता पोतंभर हिरडा कुणी घरात खायला नेत नाही. तो विकायलाच जातो. म्हणजे कागदावर आजीही नियमाबाहेरच. गार्डने माणुसकी दाखवली, बस.

तळेघरचा :

बोकाभाऊ, माणुसकी वगैरे काही नाही. अर्धाच कायदा वाचलात.

मी त्याच पट्ट्यातला, महादेव कोळी. आता नोकरीला चाकणला असलो तरी मे महिन्याची रजा अजून हिरड्यासाठीच टाकतो. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

बाळहिरडा म्हणजे आत आठळी धरायच्या आधीचं कोवळं फळ. दिवस थोडे असतात. मागे पडलात तर आठळी टणक होते आणि भाव पडतो. माणूस झाडावर चढतो, फांदी हलवतो, आकड्याने डहाळी ओढतो. खाली बायका-पोरं वेचायला. हिरडा तोडला की हिरवा असतो. अंगणात, खळ्यावर, हल्ली डांबरी सडकेच्या कडेलाही वाळत टाकतात. चार-पाच कडक उन्हं लागली की काळा पडतो, आक्रसतो. नीट वाळलाय का ते आमची आजी डोळ्यांनी बघत नसे, मूठभर घेऊन कानापाशी हलवायची. खडखड वाजला तर पोत्यात, नाहीतर परत उन्हात. आणि नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. वाळत घातलेला हिरडा भिजला की बुरशी धरते आणि व्यापारी निम्म्या भावातही घेत नाही. तुम्हाला ज्या पावसाने फांदी मिळाली ना ताई, त्या रात्री आमच्याकडे सगळे ताडपत्री घेऊन पळत होते.

भाताचं एकच पीक, तेही घरखर्चाला पुरत नाही. वर्षाचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, लग्नाची उधारी सगळं हिरड्यावर. कुठलं झाड कुणाच्या घराण्याचं हे गावात ठरलेलं असतं. काही झाडं मालकीच्या बांधावर आहेत, काही फॉरेस्टमध्ये, पण दुसऱ्याच्या झाडाला कुणी हात लावत नाही. कागद नाही, पण वाद झाला तर पंचात मिटतो.

आता कायदा. २००६ चा वनहक्क कायदा वाचा. त्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान धरलेलं आहे. तिसऱ्या कलमात गौण वनोपज (लाकूड सोडून झाडापाल्याची उपज, जसा हिरडा) गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलाय. विकण्याचासुद्धा! केंद्राने २०१३ मध्ये गौण वनोपजाला हमीभावाची योजना आणली, त्याच्या पहिल्या यादीत हिरडा आहे. सरकार एका हाताने हमीभाव जाहीर करणार आणि दुसऱ्या हाताने चोर म्हणणार, असं कसं?

त्या आजी चोरून नेत नव्हत्या. त्या आपलं पीक घरी नेत होत्या.

अभ्यासू_बोका :

मान्य. वनहक्क कायद्याचं चौथं कलम काढून वाचलं. "इतर कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी" अशीच सुरुवात आहे. माझं "आजीही नियमाबाहेरच" हे वाक्य मागे घेतो. प्रतिसाद संपादित करत नाही, पुढच्यांना संदर्भ लागेल.

मुक्ता२१ :

हिरड्याच्या झाडाला अजून एक गिऱ्हाईक आहे, शेकरू. भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी, आणि इथे त्याचं नावच अजून आलं नाही!

आम्ही घरट्यांच्या मोजणीला मदतनीस म्हणून गेलो होतो. प्राणी मोजणं कठीण, म्हणून घरटी मोजतात, पण एकच शेकरू पाच-सहा घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे घरटी दिसली तेवढी शेकरं असा हिशोब करता येत नाही. ताजं घरटं हिरव्या पानांवरून ओळखायचं. फुटबॉलपेक्षा मोठा डहाळ्या-पानांचा गोळा, उंचावर फांद्यांच्या बारीक टोकाकडे. माकड किंवा बिबट्या तिथपर्यंत गेला तर फांदी वाकते, म्हणून तिथे.

शेकरू आधी ऐकू येतं. दगडावर दगड आपटावा तशी खट-खट-खट. वर बघितलं तर तपकिरी-लाल पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. मी पाहिलेलं शेकरू मागच्या पायांवर उलटं लटकून पुढच्या दोन पंजांत जांभूळ धरून खात होतं. साल आणि बी माझ्या टोपीवर.

ते सहसा जमिनीवर उतरत नाही. वीस फूट लांब उडी मारतं, पण फांदीवरून फांदीवर. म्हणून त्याला झाडं नुसती असून भागत नाही, शेंडे एकमेकांना लागलेले पाहिजेत. रस्ता चार मीटरचा आठ मीटर केला की आपण म्हणतो किती झाडं गेली. शेकरूच्या दृष्टीने तिथे नदी झाली. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आणि या सगळ्यांना बांधणारे गारंबीसारखे दोरखंडी वेल, हे सलग असेल तरच ते त्याचं रान.

या उपजातीचं शास्त्रीय नाव राटुफा इंडिका एल्फिन्स्टोनाय. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये मुंबई इलाख्याचा माजी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या नावावरून ठेवलेलं. मुंबईच्या स्टेशनावरून गेलं ते त्याच्या पुतण्याचं नाव, साहेबाचं मात्र आपल्या राज्यप्राण्याच्या शेपटीला अजून चिकटलेलं आहे.

जुना_खोडकर :

@मुक्ता, शेपटीचं वाक्य चोरतोय.

विश्वास_नाही :

सगळे फारच हळवे झालेत, म्हणून थोडं मीठ.

गावकरी म्हणजे जंगलाचे जन्मजात राखणदार हे चित्र शहरात बसून छान दिसतं. मी खेड-आंबेगावच्या डोंगरात वीस वर्षं फिरतोय. राबासाठी शेंड्यापर्यंत छाटलेली ऐनाची झाडं बघितलीत का? खांबासारखी उभी असतात, वर पानांचा एक झुबका. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून भाताच्या रोपाची जागा भाजायची, दरवर्षी. मग वणवे. गवत चांगलं यावं म्हणून लावलेला वणवा कारवीत घुसला की डोंगरच्या डोंगर काळे. ससे-भेकरांना लावलेले फासेही पाहिलेत. हक्क हवेत तर हेही मोजा.

तळेघरचा :

राब भाजतात, खरं आहे. आमच्या घरीही भाजायचे. आता शेणखत आणि खताच्या गोण्या आल्यामुळे कमी झालंय, बंद नाही. फासे लावणारेही आहेत, त्यांची नावं गावाला माहीत असतात आणि गाव गप्प बसतं, हेही खरं. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण दोन गोष्टी तुम्हीच सांगा. याच गावांनी देवराई ठेवली की नाही? आहुप्याच्या राईत वाळकी काडी उचलत नाहीत, आजही. अभयारण्य १९८५ चं. राई कुणाच्या पणज्याला विचारलं तरी "आधीपासून". आणि दुसरं, ज्या झाडापासून वर्षाचे पैसे येतात ते कुणी राबाला छाटतं का? ऐन छाटतात, हिरडा छाटत नाहीत. जाऊन मोजा. हक्काचं झाड आणि सरकारी झाड यातला फरक कोयत्याला कळतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागकडून आत आलं ते आमच्यावरून गेलं. हिरड्याची जुनी झाडं मुळासकट आडवी. घर पडलं तर पंचनामा झाला. रानातल्या झाडाचा पंचनामा कुणाच्या नावावर करायचा? फॉरेस्टचं म्हणावं तर नुकसान आमचं, आमचं म्हणावं तर सातबारा कुठाय? भरपाईसाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. हिरडा लावून उद्या फळ येत नाही, बापाने लावला तर पोराला मिळतो.

विश्वास_नाही :

कोयत्याचं पटलं. ऐन आणि हिरड्यातला फरक माझ्याही फोटोंत दिसतोय, आत्ताच चाळले.

पोर्टलंडचा_बंड्या :

वाचनमात्र होतो, पण यावर लिहायलाच पाहिजे.

मी इथे ऑरेगनमध्ये. कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्यात गिफर्ड पिंचो नॅशनल फॉरेस्ट लागतं. हे नॅशनल पार्क नव्हे, सरकारी पण वापरातलं जंगल. लाकूडतोड, गुरं, शिकार, सगळं नियमाने. तिथे ऑगस्टमध्ये हकलबेरी पिकते, करवंदाची लांबची बहीण समजा. रंग तसाच, काटे नाहीत, चीक नाही. आपल्यासाठी थोडी तोडायची तर चालतं, विकायला तोडायची तर वेगळे नियम.

पण माउंट ॲडम्सजवळ सॉटूथ नावाच्या माळाचा एक भाग फक्त याकामा या तिथल्या मूळ रहिवासी (नेटिव्ह अमेरिकन) लोकांसाठी राखलेला आहे. १८५५ च्या तहात त्यांनी प्रचंड जमीन सोडली, पण कंदमुळं आणि बेरी गोळा करण्याचा हक्क ठेवून घेतला. १९३० च्या सुमारास मंदीने बेकार झालेले गोरे लोक बेरी तोडायला झुंडीने यायला लागले. तेव्हा १९३२ मध्ये याकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि वनखात्याचा स्थानिक अधिकारी यांनी नुसत्या हस्तांदोलनावर ठरवलं की रस्त्याच्या या बाजूच्या बेरी याकामांच्या. कागद नाही. ते अजून पाळतात, रस्त्याकडेला पाटी आहे.

मी पहिल्या वर्षी पाटी न वाचता घुसलो होतो. एका बाईंनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. सानिका, तुमचं "ओशाळले" वाचून तेच आठवलं.

सानिका_को :

बाप रे, दोन दिवस कामात होते तर धागा कुठल्या कुठे गेला! सगळ्यांचे आभार.

@तळेघरचा, ताडपत्रीचं वाचून मला खरंच लाज वाटली. आम्ही त्या रात्री पडवीत बसून "काय मस्त पाऊस" म्हणत भजी खात होतो.

एक विचारू का? मग आम्ही पुण्या-मुंबईचे लोक या रानात नेमके कोण? आजींचा हक्क समजला, शेकरूचाही. आमचा?

तळेघरचा :

ताई, पाहुणे. यात वाईट काय? पाहुण्याला आम्ही ताटात आधी वाढतो. फक्त पाहुणा उठताना ताट घेऊन जात नाही.

पण खरा जाच एकट्यादुकट्या पाहुण्याचा नाही. श्रावणातल्या सोमवारी या. बस, गाड्या, लाउडस्पीकर, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकची फुलं. देवाला यायला कुणाची ना नाही, आमचाही देव आहे. पण गाड्या लावायला जागा, मग हॉटेल, मग रस्ता रुंद, असं एकेक करून रान मागे सरतंय. पोत्याला पास मागणारे एका नाक्यावर मीही बघितलेत. चिप्सच्या रिकाम्या पाकिटाला कुणी पास मागत नाही.

जुना_खोडकर :

अवांतर: देवळाच्या आवारात शनिमंदिरापाशी टांगलेली मोठी घंटा पाहिली असेल. पोर्तुगीज आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळादेवळांत गेल्या, त्यातली ही एक. वसईच्या किनाऱ्यावरून ही वजनदार घंटा सह्याद्री चढून कशी आणली असेल? वाट कुणी दाखवली, खांदा कुणी दिला? कोळ्यांनीच ना? बखरीत नाव फक्त अप्पांचं. (माझा नुसता अंदाज. चूभूद्याघ्या.)

पायवाट :

खोडकरकाका, अंदाज पटण्यासारखा आहे. घाटवाटा त्यांच्याच पायाखालच्या.

थोडं गंभीर. या चर्चेत माळीणचा उल्लेख झाला नाही म्हणून. ३० जुलै २०१४. भीमाशंकरच्या याच डोंगररांगेत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पहाटे डोंगर उतरला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीच्या वळणावर गाव दिसलं नाही तेव्हा बाहेर कळलं. कारणांवर वाद झाले, अतिवृष्टी होतीच, उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचंही नाव घेतलं गेलं. मी भूगर्भतज्ज्ञ नाही. पण त्यानंतर एवढं झालं की उतारावरची झाडी हा माझ्यासाठी पक्षी-फुलपाखरांचा विषय उरला नाही.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचा २०११ चा अहवालही यासाठीच वाचावा. अभयारण्याच्या शेजारच्या पवनचक्क्यांबद्दल आणि त्यासाठी डोंगरात काढलेल्या रस्त्यांबद्दल त्यात लिहिलंय. वारा शुद्ध, वीज शुद्ध, पण पाती डोंगरावर न्यायला रस्ता लागतो आणि त्याची माती पावसात खाली ओढ्यात. निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या असं त्या समितीचं म्हणणं होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच.

तळेघरचा :

माळीणमध्ये आमचे सोयरे होते. त्यावर जास्त लिहीत नाही.

डिंभ्याचं निघालंच आहे तर, त्या पाण्याखाली खुद्द आंबेगाव आहे, ज्याच्या नावाने तालुका आहे. धरणाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, तेही याच तालुक्यातले. पाणी खाली बागायतीला गेलं, आम्ही वर सरकलो. वर सरकलो तर अभयारण्य. "शाश्वत" संस्थेच्या लोकांनी तेव्हा साथ दिली. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक घ्यायला आणि जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवायला. २०१२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कोळी खरा, पण डोंगरातला. मासे धरायला शिकलो ते धरण आल्यावर.

मुक्ता२१ :

शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ बसून राहिले.

नवा_भिडू :

चर्चा छान आहे. मला जुलैत ते चमकणारं जंगल बघायला जायचंय. शिडी घाटाने चढलो तर रात्री मुक्काम रानात टाकता येईल का?

पायवाट :

@नवा_भिडू, नाही. तिन्ही नाही.

अभयारण्यात सूर्यास्तानंतर फिरता येत नाही, तंबूही टाकता येत नाही. शिडी घाट पावसाळ्यात नवख्याने करू नये, खडक शेवाळतो आणि शिड्यांवर पाणी उतरतं. खांडसहूनच यायचं असेल तर गणेश घाट आहे, लांब पण सरळ, तोही वाट उघडी असेल तरच. धबधब्यांकडे आणि काही वाटांवर वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी कर. गाडीने येणार असशील तर राजगुरुनगर-वाडा किंवा मंचर-घोडेगाव-डिंभे. गावात घरगुती मुक्काम कर, जेवणाचं आधी सांग, आणि घरच्यांनाच विचार. त्यांच्या परसातही दिसेल कदाचित. सरपणाचा ढीग सोड, तो जळायचा नाही.

सानिका_को :

@पायवाट, तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर एक काम कराल? गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर, पहिला ओढा ओलांडला की डावीकडे जांभळी आहे, बुंध्याला कुबड असलेली. माझी फांदी अजून तिथे आहे का बघाल? "माझी" चुकून लिहिलं, पण राहू दे.

पायवाट :

रविवारी जातोय. बघतो.

पायवाट :

आहे. फुलं झडलीत, पानं टवटवीत. मुळांची टोकं हिरवी झालीत, दोन मुळं जांभळीच्या सालीला चिकटलीत. फांदी बेचक्यात सुतळीने बांधलेली आहे, दोन वेढे आणि गाठ. फोटो नाही, पाऊस फार होता.

सानिका_को :

सुतळी? त्याने तर नुसती खोचली होती.

तळेघरचा :

पोत्याची असेल.